एका कानानं ऐकलेला इतिहास

साखर कारखान्याच्या काट्यावर मी उसाच्या गाड्यांचे नंबर पुकारतो. रांगेतला एक ट्रॅक्टरवाला धडगावकडचा, पहाडातला. इतिहासाचे लांबलचक पॉडकास्ट तो एकाच कानानं ऐकायचा. दुसरा कान नंबरासाठी मोकळा. मलाही तोच नाद, म्हणून आम्ही एकमेकांना भाग सुचवायचो.

एकदा मी दक्षिणेकडे निघालेल्या बादशाही फौजेवरचा चार तासांचा भाग सुचवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कसा वाटला?"

"भारी शे, भाऊ. हत्ती किती, तोफा किती, समदं सांगेल शे." इयरफोनची वायर तो बोटाला गुंडाळत राहिला. "पण 'फौजेनं सातपुडा ओलांडला', हाई एकच वाक्य. आमनं गाव तठेच शे ना."

तो भाग मी दोनदा ऐकला होता, दोन्ही कानांनी. मला ते वाक्य आठवेना.