पाण्याखालची वाट

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण होडी कुठं घालायची हे मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

माझी थोरली बहीण ज्या मच्छीमारांच्या गावात दिलेली, तिथं जायला वाट फक्त पाण्याची. म्हणून घरं एकेक करून बंदराकडे उठून आली. नव्याण्णव साली शेवटचं घर उठलं, ते तिचंच. पुढं मुलानं तिला कायमचं मुंबईला बोलावलं. ती म्हणाली, "जायच्या आधी एकदा माझं घर दाखव." मी होडी काढली.

त्या खाडीच्या तोंडाला खडकच खडक. खूण एवढीच, की टेकडीवरचा पांढरा दगड आणि त्यामागचं उंडीचं झाड एका रेषेत धरायचं. नारळी पौर्णिमेला गावकरी त्या दगडाला चुना लावायचे. त्या दिवशी पांढरं काही दिसेचना. गावात माणूसच नाही तर चुना लावणार कोण, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात होडी खाली घासली.

"ताय, मागं फिरू या. पाणी कमी हाय."

"पाणी पुष्कळ हाय. तूच कमी पडतोस."

ती पुढं होडीच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसली आणि पाण्यात बघू लागली. "तुम्ही पुरुष भरतीला वरनं आलात नि गेलात. आम्ही ओहोटीला ह्याच खडकांवर कालवं फोडत होतो. डावीकडं घे. अजून. आता सरळ."

ती सांगेल तसं मी सुकाणू फिरवत राहिलो. होडी वाळूला लागली.

दारं, कौलं आम्हीच तेव्हा होड्यांत भरून नेलेली. उरलं होतं चिऱ्यांचं जोतं आणि त्यावर माजलेलं रान. चुलीच्या जागी ती बसली. मला वाटलं, रडेल.

"इथं बसून मला कधी समुद्र दिसला नव्हता रे," ती म्हणाली. "मधे भिंत होती."

पाणी उतरू लागलं तसे निघालो. येतानाही ती नाळेवरनं सांगत होती आणि मी ऐकत होतो. खडक मागं पडल्यावर मी म्हटलं, "मुंबईला जाऊ नको. माझ्याकडं राहा."

ती हसली. "तुझ्याकडं? तू जन्मात कुणाचं ऐकलंस काय?"

"आज ऐकलं की."

"होडी खडकाला घासल्यावर ऐकलंस."

चार दिवसांनी मीच तिला मुंबईच्या एसटीत बसवून आलो.