दिवेवालीचं पॅनल

उजव्या विंगेत, दिव्यांच्या पॅनलमागे, तिचं उभं आयुष्य गेलं. नाटकवाले तिला दिवेवाली म्हणत. पॅनलकडे ती कधी बघायचीच नाही. डोळे नटांवर, बोटं बटणांवर. नटाला हुंदका फुटायचा अवकाश, हिचा प्रकाश हलकेच मावळायला लागायचा. रडं निम्मं त्याचं, निम्मं तिचं. तिचा नवरा पडदेवाला. पॅनलच्या पुढ्यात, तिच्याकडे तोंड करून, दोरी धरून उभा असायचा. संसारातलं निम्मं बोलणं दोघांनी भुवयांनीच उरकलं.

अलीकडे तिची नजर अधू झाली, आणि नेमकं तेव्हाच जुनं पॅनल भंगारात गेलं. नव्याची बटणं सगळी एकसारखी. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, ते कॉम्प्युटरवर ठरवायचं. मॅनेजर तसा भला माणूस. त्याने पडदेवाल्याला सांगितलं, बाईंनी नव्यावर एक प्रवेश चालवून दाखवला तर जागा त्यांचीच, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.

पडदेवाल्याने मनावर घेतलं. जुनी मांडणी नव्यावर जशीच्या तशी उतरवायची, आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही. म्हातारीला चकित करायचं होतं ना! मॅनेजरने प्रोग्राम शिकवला: स्क्रीनवरचा त्या त्या दिव्याचा चौकोन माउसने उचलायचा, हव्या त्या बटणावर नेऊन सोडायचा. दोरी ओढून घट्टे पडलेल्या हाताला ते कुठलं जमतंय? चौकोन भलतीकडेच सांडायचे. मग तो डोळे मिटून तिचे हात आठवायचा. चंद्राचा निळा इथे, दुपारचं ऊन तिथे. एकेक दिवा असा जागेवर बसला.

दुपारी रिकाम्या नाट्यगृहात त्याने तिला खुर्चीत बसवलं. "तुझंच आहे सगळं. फक्त हात टाक."

आई खिडकीशी मुलाची वाट बघतेय, असा प्रवेश. तिने खिडकीचा दिवा लावला, उजळलं भलत्याच टोकाचं दार. परत लावला, परत दार. चंद्रासाठी बोट टेकवलं तर ऊन भसकन अंगावर आलं. तिने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"माझे हात गेले हो," म्हणाली, आणि भिंत चाचपत मेकअपच्या खोलीकडे निघून गेली.

तो पॅनलपुढे आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. जन्मभर त्याने ते हात समोरून पाहिले होते. त्याचं डावं ते तिचं उजवं. सगळी मांडणी त्याने आपल्या बाजूने उतरवली होती.

चौकोन पालटून, मॅनेजरला दाखवून, तो तिच्याकडे धावला. चूक माझी, तुझे हात शाबूत आहेत, म्हणाला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिचा दिवा चुकला की हा दिग्दर्शकाला सांगायचा, माझाच पडदा अडकला. भाजी खारट झाली की माझ्याच तोंडाला चव नाही. हे तिला काय आज कळत होतं?

"किती गोड खोटं बोलता हो अजून."

त्याने शपथा घेतल्या. मॅनेजरला ओढून आणलं. त्यानेही तेच सांगितलं. ती हसली. "यांनाही पढवून आणलंत?"

"अगं, एकदा बसून तर बघ."

"नको. पुन्हा चुकलं तर? आज निदान म्हणता येईल, पॅनल नवं होतं. तेवढं असू दे माझ्यापाशी."

मग तिने मॅनेजरला सांगितलं, कुणी चांगल्या हाताचं माणूस बघा. पडदेवाल्याने तोंड उघडलं, पण जे काही सुचलं ते त्याच्याच कानांना समजूत घातल्यासारखं वाटलं. त्याने तिची पिशवी उचलली आणि कोपर पुढे केलं. तिने ते चाचपून धरलं.