ऐलीचा खण

समोरच्या फ्लॅटमधला आर्वो म्हणजे हट्टीपणाचा कळस. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथच्या बंदरावर चाळीस वर्षं राबला आणि उरलेला वेळ घराच्या तळघरात सुतारकाम करत बसला. बायकोचे, ऐलीचे, गुडघे गेले तेव्हा घर विकून दोघं आमच्या इमारतीत आली. इथे सुतारकामाला जागा म्हणजे जेवणाचं टेबल. हत्यारं तीनच: करवत, रंधा, पटाशी. खालच्यांची झोपमोड नको म्हणून टेबलाच्या पायांना जुने मोजे.

जानेवारीत त्याने ऐलीच्या उशाशी ठेवायला एका खणाचं कपाट केलं. खण अगदी चपखल.

"कागद जाईल एवढी तरी फट ठेवलीस का रे?" ऐलीने चिडवलं.

"माझ्या खणात फट? शोधून दाखव."

इथेच गडी चुकला. तळघरातलं लाकूड बारा महिने दमट, तिथे असं घट्ट बसवलेलं चालायचं. इथलं लाकूड हीटरने वाळून आकसलेलं होतं, आणि उन्हाळ्यात सरोवराच्या धुक्याने ते फुगणार होतं.

मेमध्ये ऐलीने अंथरूण धरलं. "तुझ्यासाठी चार ओळी लिहितेय," ती माझ्यादेखत त्याला म्हणाली. "खणात ठेवीन. मी गेल्यावर वाच. आधी हात लावलास तर बघ!"

जुलैत ती गेली. खण उघडेना.

"पटाशी घाल की," मी म्हटलं.

"तिने बंद केलेलं मी फोडू? हीटर लागले की येईल आपोआप."

रोज कॉफीआधी तो खण ओढून बघायचा. शेवटी नोव्हेंबरात त्याने मला हाक मारली. खण सहज बाहेर आला होता. आत काहीच नव्हतं. वरच्या काठावर, बंद असताना दिसत नाही तिथे, लोण्याच्या सुरीचे ओरखडे होते. पुष्कळ होते.

"तिला उघडताच आला नाही गं," आर्वो म्हणाला. "मला बोलली का नाही?"

एरवी त्याला इतकं चिडवायची, पण त्याची खरी चूक तिने कधी दाखवली नाही.

"मग पत्र कुठे असेल?" त्याने विचारलं.

तिचे कपडे ऑगस्टमध्ये मीच घड्या घालून चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला दिले होते. त्यात तिचा खिशांचा निळा गाऊनही होता. एकही खिसा मी बघितला नव्हता.

"काय माहीत," मी म्हटलं.

तो खणाच्या कडा रंध्याने तासू लागला. मग खण आत सारून त्याने फटीतून एक कोरा कागद घालून बघितला. कागद अलगद आत गेला.