पोरीच्या कपड्यांची बैठक

माझा काडीमोड अर्ध्या कप चहात ठरला. पोरीच्या कपड्यांना मात्र अख्खी दुपार पुरली नाही.

खालापूरच्या बाजूला, हायवेलगत माझं सासर. तिथल्या देवळाच्या सभामंडपात गावकी बसली होती. एका सतरंजीवर माझा भाऊ आणि आमच्या गावची चार माणसं, समोर सासरचे लोक, आणि खांबाला टेकून मी, मांडीवर पाच वर्षांची पोर. कोर्टाची पायरी नको, आपसात मिटवू, असं दोन्हीकडच्यांचं मत होतं. घर नवऱ्याचं, पोर माझी, शाळेची फी त्याने भरायची, इथवर सगळं भराभर उरकलं. मग माझ्या भावाने विचारलं, पोरीच्या कपड्यालत्त्याचं वर्षाला किती धरायचं?

बैठकीत बायकांनी बोलायचं नसतं. पण नवराच उरला नव्हता, मग धाक कोणाचा बाळगायचा? मी सांगितलं, मोसमाप्रमाणे धरा. जूनला गणवेश दोन लागतात, कारण माझ्या माहेरी, कर्जतच्या पावसात, धुतलेला कपडा दोन दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. वर रेनकोट. थंडीत स्वेटर, कारण सकाळची शाळा आणि डोंगराचा गारठा. उन्हाळ्याला सुती फ्रॉक, दिवाळीला एक चांगला. आकडाही सांगितला. मोठा नव्हता. त्याच्या टेंपोला नवे टायर घालायला याहून जास्त लागत होते.

तो हसला. म्हणाला, "रेनकोट कपड्यात येत नाय. ती वस्तू हाय."

आणि गावकीने यावर खरोखर विचार केला. एकाने सांगितलं, आम्ही इरल्याखाली वाढलो, आम्हाला काय झालं? दुसऱ्याचं म्हणणं, छत्री स्वस्त पडते. तिसरा जरा शिकलेला, त्याने मुद्दा काढला की रेनकोट अंगात घालतात, म्हणजे तो कपडाच. मागून सासूबाईंनी आवाज दिला की गेल्या वर्षीचा आहे ना, पोरगी काय ताडासारखी वाढली का? पोर सगळं ऐकत होती. शेवटी रेनकोट मंजूर झाला आणि त्याच्या बदल्यात स्वेटर उडवला. मासळीचा भाव करतानाही माणसं एवढी घासाघीस करत नाहीत.

मग त्याने मेख मारली. पैसे हिच्या हातात देणार नाही, ही स्वतःच्या साड्या घेईल. कपडे मी स्वतः घेऊन येईन. सगळ्यांनी माना डोलावल्या. बापाला पोरीची माया आहे, असं एक म्हातारा म्हणालासुद्धा.

शब्द मात्र त्याने पाळला. जूनच्या तोंडावर, दिवाळीला, शिमगा झाल्यावर तो यायचा. माझ्या माहेरच्या घरात पाय ठेवायचा नाही. गावच्या कमानीपाशी टेंपो उभा करून हॉर्न द्यायचा. पोर हातातलं टाकून पळायची. टेंपोत पुढे बसून त्याच्याबरोबर वडापाव खायची आणि पिशवी घेऊन परत यायची. पिशवीतले कपडे दरवेळी पाच वर्षांच्या मुलीचे. पोर सहाची झाली, सातची झाली, आठवं सरत आलं, तरी कपडे पाच वर्षांचेच. समोर बसून वडापाव खाणाऱ्या पोरीकडे हा माणूस एकदाही नीट बघत नव्हता.

मी भावाकडून निरोप धाडला. उलट निरोप आला की आमच्या घरात सगळे अंगाने बारीक, तुम्हीच तिला खायला कमी घाला. तेव्हापासून मी त्याचा एकही कपडा फेकला नाही. नेरळच्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी काम करते, त्या पगारातून पोरीला मापाचे कपडे घ्यायचे आणि त्याचे पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवायचे. पोरीसमोर बोलायचेही, तुझ्या बापाला तू केवढी झालीस तेसुद्धा माहीत नाही. कोणाची अब्रू झाकायची होती मला?

या वर्षी मी त्याच देवळात पुन्हा बैठक बोलवायला लावली. मागणी एकच, रोख पैसे द्या. पोर आणि पेटी बरोबर नेली आणि सतरंजीवर एकेक कपडा मांडला. त्याने मान खाली घातली तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात तो मागे मायेचं बोललेला म्हातारा म्हणाला, पोरीने एक घालून दाखवावा, म्हणजे वाद नको. मीच दिवाळीचा निळा फ्रॉक उचलून तिच्या हातात दिला आणि तिला पुजाऱ्याच्या खोलीत पाठवलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. फ्रॉक अंगात होता. कसा कोंबला होता, तिलाच ठाऊक. काखेत शिवण ताणली होती, हात अंगापासून लांब राहिले होते. चेन लागली नव्हती म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"होतो का गं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"होतो," ती म्हणाली.

"दाटत नाय ना?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

तिचा बाप एवढंच म्हणाला की मी आधीपासून हेच सांगत होतो. मग मोबाईल काढून बघत बसला. आधीचा ठराव कायम राहिला. जाता जाता मला समज मिळाली की पोरीला बापाविरुद्ध भडकवू नये.

मी तिला दंडाला धरून देवळामागे नेलं आणि फ्रॉक डोक्यावरून ओढायला लागले. तो खांद्यांशी अडकला. तिचे हात वर, तोंड फ्रॉकच्या आत, काखेत लाल वळ उठलेले. खोटं का बोललीस म्हणून मी हात उगारला.

फ्रॉकच्या आतूनच ती म्हणाली, "पैसे दिले तर पप्पा येणार नाहीत ना."

माझा हात वरच्या वर राहिला. फ्रॉक काही केल्या निघेना. शेवटी मी काखेतली शिवण फाडली, आणि इतका वेळ डोळ्यांतून टिपूस न काढलेली पोर तेव्हा रडायला लागली.