चतुर्थीच्या सकाळी किसमूर

मासळीचा वास नसलेला एकही दिवस आमच्या घरात गेल्याचं मला आठवत नाही. बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आणि आई सुकी मासळी विकणारी. पावसाळ्यात होड्या वर ओढून त्यांवर झावळ्यांचे झाप घातले की बाबांचं काम बंद व्हायचं, आणि मग घर चालायचं ते आईच्या डोक्यावरच्या पाटीवर. पहिल्या एसटीने ती कट्टा गावच्या बाजाराला जायची. कंडक्टर तिला मागच्या सीटवर बसवायचा आणि पुढच्या बायका नाकाला पदर लावायच्या. बाजारात बसून जे उरेल ते घेऊन ती आतल्या वाड्यांतून फिरायची. शेतकऱ्यांच्या घरी सुकट द्यायची, बदल्यात तांदूळ घ्यायची. म्हणजे जाताना डोक्यावर मासळी आणि येताना तांदूळ. ओझं काही कमी व्हायचं नाही.

मी कॉलेजला जायला लागले तेव्हा खिडकीजवळचा बाक धरून ठेवायचे. वास खिडकीतून बाहेर जाईल असा माझा अंदाज होता. वारा बाहेरून आत येतो आणि वास सगळ्या वर्गाला वाटून देतो, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तरी बी.कॉम. झाले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे.

माझा निकाल लागला त्याच सुमाराला आईचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. दवाखान्यात आई नेहमी शुद्ध मराठी बोलते. ती म्हणाली, "मग पाटी आपण उचलणार काय?" डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या.

मुंबईच्या काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, माझ्यासाठी तिकडच्या एका ऑफिसात नोकरी बघून ठेवली होती. चतुर्थीला गावी येतील आणि जाताना मला घेऊन जातील, असं ठरत आलं होतं. मी म्हटलं, मला जायचं नाही. आपली मासळी मी फोनवरून विकते.

"फोनार?" आई म्हणाली. "फोनाक वास येता?"

"येत नाय, ताच बरा मा."

हे तिला पटलं. पण आई उधारीवर काही देत नाही, विश्वाससुद्धा. तिने अट घातली. "ह्या पावसात पाटी घरात ठेवतंय. चतुर्थीपर्यंत बघतंय. नाय खपला, तर मी कट्ट्याक आणि तू काकाबरोबर मुंबैक."

मे महिन्यात किनाऱ्यावर मासळी सुकत घातली होती, तेव्हा मी शूटिंगला सुरुवात केली. बाबांच्या हातात फोन दिला. पहिल्या तीन व्हिडिओंत त्यांचा अंगठा उत्तम आला. आईला म्हटलं, नेहमीसारखं बोल. तिने पदर सारखा केला आणि सुरुवात केली, "नमस्कार. मी आपणांस सुकी कोळंबी दाखवत आहे. ही कोळंबी आहे."

"आये, असा कोण बोलता?"

"कॅमेरो चालू आसा मा? मगे शुद्ध बोलाक नको?"

शेवटी मी माडाचा एक पिडा, म्हणजे झावळीचा जाड दांडा, वाळूत रोवला, त्याला फोन बांधला आणि निघून गेल्याचं नाटक केलं. थोड्या वेळाने आई फोन विसरली. मग जे मिळालं त्याला तोड नव्हती. तिने एका कावळ्याला त्याच्या सात पिढ्यांसकट झोडपलं. बाबांनी सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर पाय दिला, तेव्हा कावळा बाजूला राहिला आणि बाबांचा नंबर लागला. शेजारीण काकी आली तर तिला सांगितलं, "मुठीत घेवन हलय. वाजली तर सुकली, गप रवली तर आजून ऊन व्हया." मग किसमूर कसं करायचं ते, म्हणजे सुंगटा भाजून, त्यात खोबरं, कांदा, मिरची, कोकम घालून हाताने कुस्करायचं ते, हातवाऱ्यांसकट. तो एकच व्हिडिओ इतका लांब झाला की फोन तापला.

जून लागला आणि मी शहाण्यासारखं वागायच्या ऐवजी सगळंच्या सगळं एका आठवड्यात नेटवर टाकून मोकळी झाले. पहिल्याच दिवशी डब्यातलं सगळं पीठ मळून ठेवणाऱ्या नव्या सुनेसारखं. लोकांनी बघितलं, हसले, थोडी मागणी आली, आणि मग शांत. समुद्र बंद, ऊन नाही, होड्या झापांखाली. दाखवायला नवीन काही नाही.

"आता काय दाखवतलस? पाऊस?" आईने विचारलं.

मी पाऊससुद्धा दाखवला. पाऊस कोणी विकत घेतला नाही.

एक दिवस आईने मला माळ्यावरून खारे बांगडे काढायला वर चढवलं. तिथे तिचे डबे ओळीने. बोंबील वेगळे, गोलमा म्हणजे बारीक कोळंबी वेगळी, तुटका चुरा चटणीसाठी वेगळा. सगळी उन्हाळ्यातली बेगमी, पावसाळाभर थोडी थोडी काढायची. मी डब्याचं झाकण हातात घेऊन तशीच बसले. अगो, आपण मासळीची बेगमी करतो आणि व्हिडिओची करत नाही? खालून आई ओरडत होती, "झोपलस काय थंय?"

त्या दिवसापासून मी तो लांब व्हिडिओ सुरमई कापतात तसा कापला. कावळ्याची शिवीगाळ एक तुकडा. मुठीत वाजणारी सुंगटा दुसरा. किसमूर तिसरा. आई बोलली त्यातली दोन-दोन वाक्यं फोटोवर लिहिली, तो चौथा. गिऱ्हाइकं फोनवर जे विचारायची, "मुंबईला पोचेपर्यंत वास येईल का?" वगैरे, त्याची उत्तरं आईच्याच जुन्या आवाजात शोधून काढली, तो पाचवा. आणि काही आठवड्यांनी तेच तुकडे नव्या मथळ्याने परत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने सोमवार आणि संकष्ट्या आधीच खोडून टाकल्या, कारण त्या दिवशी आमच्याकडे कोण मासळी बघायला जातो? उरलेल्या दिवसांपुढे लिहिलं: कावळा. बांगडा. बुधवारी किसमूर.

बाबांना हे मान्य नव्हतं. "ह्योच कावळो गेल्या म्हयन्यात पण इल्लो."

"बाबा, ह्यो येगळो."

"माका कावळे वळाखतत."

"बरा, तोच. पण तुमी वादळाची गोष्ट दर शिमग्याक सांगतास, ती?"

"ती खरी आसा."

"कावळोय खरो आसा."

आई आतून इतकी हसली की तिला ठसका लागला.

आषाढात मागणी वाढली. पार्सलं मुंबईच्या रातराणी बसने जाऊ लागली. पण श्रावण आला आणि सगळं थंडावलं. अर्धी गिऱ्हाइकं तर गणपती होईपर्यंत मासळी शिवत नाहीत. आईचे डबे माळ्यावर भरलेलेच. ती फक्त कोपऱ्यातली पाटी अधूनमधून झाडून ठेवायची. ते झाडणं मला ऐकू यायचं.

श्रावणात मी कॅलेंडरचं पान रिकामं ठेवलं. चतुर्थीच्या दिवसांत हात मोकळा मिळणार नाही आणि मुंबईचे चाकरमानी आले की गावाची रेंजसुद्धा पळते, हे माहीत होतं. म्हणून पुढच्या महिन्याचे व्हिडिओ आधीच नेटवर चढवून वेळ लावून ठेवले, आपोआप जातील असे. नवीन आखायला वेळ कुठे? घर सारवायचं, माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची चौकट, बांधायची. मी आषाढाचा आराखडा जसाच्या तसा उचलला आणि भाद्रपदावर ठेवला. सोमवार खोडले. संकष्टी खोडली. आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी बुधवारी आली.

काका आदल्या दिवशी आले. सकाळी गणपती आसनावर बसला, वर माटवीला तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि नारळ लटकत होते, घरभर मोदकांचा वास, म्हणजे एक दिवस तरी मासळीचा नाही. आरती सुरू झाली. काकांना ती मुंबईच्या काकूला फोनवरून थेट दाखवायची होती. त्यांनी फोन उघडला, वर धरला, त्यात आमचा बुधवारचा व्हिडिओ आपोआप लागला आणि देवाच्या समोर, भर आरतीत, आईचा आवाज घुमला: "सुंगटा भाज, पण करपव नको. करपली तर घोवाक वाढ."

आईच्या घोवाने, म्हणजे बाबांनी, घंटा दुप्पट जोराने वाजवायला घेतली. काका फोन बंद करायला गेले तर बोट घसरून आवाज वाढला. आई डोळे मिटून टाळ्या वाजवत होती. तशीच, टाळी न चुकवता म्हणाली, "माझो आवाज मा ह्यो?"

आरती संपली. काकांचा पारा माटवीच्या वर गेला होता. "ह्या काय गो? गणपती आत्ता खंय बसलो आणि तू सुंगटा दाखवतस? हीच काय तुझी पदवी?"

मी व्हिडिओ काढायला गेले. रेंज नाही. एक दांडी यायची, माझ्याकडे बघायची आणि जायची. मी नव्या साडीचा काष्टा मारला आणि सड्याकडे, म्हणजे वाडीमागच्या कातळाच्या माळाकडे धावत सुटले. तिथे रेंज मिळते. वाटेत प्रत्येक घरातून कोणीतरी दारात. "किसमूर बघलंय हां गो." "तुझ्या आवशीन बरा सांगल्यान." एका घरात तर आरती चालू असताना आजोबांनी फक्त हात वर करून मुठीत सुंगटा वाजवल्याची खूण केली.

सड्यावर निम्मी मुंबई फोन वर धरून उभी होती. मीही धरला. फोन थरथरायला लागला आणि थांबेचना.

"हातात मोदक आणि समोर किसमूर. पाप तुका लागतला."

"आमचो दीड दिवसाचो. परवा सकाळी खंय भेटतलास?"

"सासरी आहे. सासूबाई मागून बघत होत्या. त्या विचारतायत, गोलमा आहे का?"

"मुंबैक नेवक सात पाकिटां व्हयी."

मी कातळावर बसून मोठ्याने हसत होते. बाजूचा एक अनोळखी चाकरमानी बायकोला म्हणाला, "ही तीच मा, करपली तर घोवाकवाली?" तिथल्या तिथे त्याने मागणी नोंदवली, आणि त्याच्या मागे रांग लागली.

तरी व्हिडिओ मी काढला. देव घरात असताना ते बरं दिसत नव्हतं, आणि काकांचं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी लिहिलं: "गणपती घरात आहे तोवर किसमूर नाही. तुमच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मिळेल. दीड, पाच, सात की अकरा, ते कळवा." आणि खाली मे महिन्यातला तुकडा लावला, ज्यात मासळी नाही, फक्त माडावर बसलेला कावळा मान वाकडी करून खाली बघतोय. घरी जाऊन आईचं एक नवीन वाक्य घेतलं आणि परत सड्यावर येऊन ते त्यावर टाकलं: "ह्यो पण थांबलो आसा. तुमीय थांबा."

तो कावळा मग रोज गेला. दीड दिवसवाल्यांना वेगळ्या मथळ्याने, पाचवाल्यांना वेगळ्या. बाबा म्हणाले, "आता ह्यो कावळो माका घरचोच वाटता."

दीड दिवसाच्या विसर्जनाला पहिली लाट आली, पाचव्या दिवशी दुसरी. परत जाणारे चाकरमानी गाड्या थेट आमच्या अंगणात लावायला लागले. आमचाही गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं आणि दुसऱ्या सकाळपासून घरात जो तो पाकिटं भरत होता, आई खाली बसून मुठीत सुंगटा वाजवून बघायची आणि मगच पुढे सरकवायची. काकांना मी चिकटपट्टी लावायला बसवलं. दोन तास ते पट्ट्या लावत राहिले. मग बांगड्याचं एक पाकीट हळूच आपल्या पिशवीत टाकताना म्हणाले, "ऑफिसच्या साहेबाक काय सांगू मी हिच्याबद्दल?"

आईने डोकं वर केलं नाही. "सांग, चेडू कामात आसा."

सातव्या आणि अकराव्या दिवसांनंतर माळ्यावर फक्त रिकामे डबे राहिले. अजून मागणी येत होती, म्हणून बाबा आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायकांकडून सुकी मासळी आणायला लागले. काका एकटेच मुंबईला गेले.

यंदा रस्त्याला लागून आमचं स्वतःचं दुकान झालं. परवाना आईच्या नावावर आहे. ती आता डोक्यावर ओझं घेत नाही, कट्ट्याची गिऱ्हाइकं एसटीने आमच्याकडे येतात. मी गावातच राहते, आणि आमचं घर आमच्याच धंद्यावर चालतं.