सगळ्यात निळा पंप

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. ओल्या रंगावर धूळ बसली की चित्राचं वाटोळं, म्हणून बाईंनी खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबली, दिवा जवळ ओढला, ब्रशचं टोक ओठांनी जुळवलं आणि कागदावरच्या भुंग्याच्या मागच्या पायावरचे केस रंगवायला बसल्या. कीटकवाल्या साहेबांना केस न् केस हवा होता.

संशोधन संस्थेच्या जिन्याखालच्या या खोलीत बाईंनी सगळी नोकरी काढली. वरच्या मजल्यावरच्यांनी शोधायचं आणि बाईंनी ते लोकांना दिसेलसं करायचं. सगळे त्यांना चित्रबाई म्हणत. डोळे आता अधू झाले होते, पण हात अजून घड्याळजीचा.

फोन वाजला. टेकडीखालच्या वस्तीतली आत्या. आई गेल्यावर बाईंना हिनंच वाढवलेलं.

"अगं, तुझं चित्र लागलं की इथं, पंपाच्या भिंतीवर! मी साऱ्या रांगेला सांगितलं, आमच्या पोरीनं काढलंय."

"कळतंय ना लोकांना?"

"न कळायला काय झालं? आंधळ्यालाही कळेल. आपला पंप सगळ्यात निळाशार! आणि तो शाळेजवळचा बघ, कसा फिक्कट, आजारातून उठल्यासारखा. तिकडच्या बायासुद्धा आता इकडेच भांडी घेऊन येतात. सूनबाई तर बाळाचं दूधही ह्याच पाण्यात कालवते."

बाईंच्या हातातला ब्रश भुंग्यावरच टेकला. पायाच्या जागी काळा डाग पसरत गेला.

ते चित्र म्हणजे वस्तीतल्या पाण्याच्या पंपांचा नकाशा होता. ज्या पंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्याचा ठिपका गडद. असलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात डागाळतात, हाडं आखडतात. पाणीवाल्या साहेबांनी आकडे तेवढे दिले होते, रंग बाईंचा. विषय पाण्याचा, म्हणून निळा. कमी ते फिका, जास्त ते गडद. नियमाला धरून होतं सगळं. फक्त पाणी जितकं निळं तितकं चांगलं, हे लहान पोरही सांगेल, ते बाईंच्या ध्यानात आलं नाही.

तसं होऊ नये म्हणून त्यांची एक रीत होती. छापायला देण्याआधी चित्र दारावरच्या वॉचमनपुढे, झाडूवाल्या मावशींपुढे धरायचं आणि विचारायचं, "ह्यात काय सांगितलंय?" या खेपेलाही धरलं होतं. पण तो निळा असा काही जमून आला होता, की बाई स्वतःच त्यावर भाळल्या आणि विचारून बसल्या, "कसं दिसतंय?"

"झकास!" वॉचमन म्हणाला होता. "घरात लावावं असं."

जे विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं होतं.

बाई धापा टाकत वर पाणीवाल्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "पण खाली रंगांची पट्टी आहे ना? गडद म्हणजे जास्त."

"जास्त काय, साहेब? वस्तीतल्यांनी जास्त म्हणजे चांगलं असं धरलंय. तान्ह्या बाळाला पाजतायत."

साहेबांनी चष्मा काढला. "मीही बघूनच पाठवलं होतं," ते हळूच म्हणाले. "नवीन छापायला आठवडा तरी जाईल. मी तिथल्या पाणी-कार्यालयाला फोन लावतो. तुम्ही..."

"मी रंग घेऊन निघते."

बसमधून उतरल्या तेव्हा पंपापाशी रांग होती. बाईंनी कुणाकडे न बघता लाल डबा उघडला आणि पंपाच्या मानेपासून खालपर्यंत रंग ओढायला सुरुवात केली.

"अहो, चांगल्या पंपाला काय फासताय?"

"हे पाणी पिऊ नका. कपडे धुवा, भांडी घासा, पण प्यायला नको. शाळेजवळचं प्या."

"मग चित्रात निळा कशाला केलात?"

"चुकलं. माझं चुकलं."

"बघा हं, उद्या म्हणाल लालच बरा होता!" रांग खिदळली.

"शाळेकडच्यांनी धाडली असेल हिला," दुसरी म्हणाली, "गर्दी नको त्यांना."

मग रांगेतली एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिच्या आवाजात टवाळी नव्हती. "बाई, भिंतीवरचं चित्र तुमचंच, खोटंही तुम्हीच म्हणता. मग आजचं खरं कशावरून?"

बाईंच्या ब्रशवरून लाल थेंब चपलेवर पडत राहिले. दोघीतिघी भांडी उचलून शाळेच्या वाटेला लागल्या. बाकीच्या तशाच उभ्या, आणि पंपाचा दांडा पुन्हा कुरकुरू लागला.

आत्या मागं उभी होती, कळशी कमरेवर. किती वेळ, कुणास ठाऊक.

"चारचौघींत नाक कापलंस गं माझं."

"हो, आत्या."

"बाळाला उकळून दिलं तर?"

"उकळून जात नाही ते. पाणी आटतं, ते तिथंच राहतं."

आत्यानं आपल्याच गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. हे गुडघे कुठल्या पाण्यानं आखडले, की नुसत्या वयानं, हे बाईंना सांगता आलं नसतं, आणि आत्यानं विचारलंही नाही. तिनं कळशी उपडी केली. पाणी भिंतीकडे वाहत गेलं.

"सूनबाईला मी सांगते. तुझं ऐकायची नाही ती आता." तिनं रिकामी कळशी बाईंच्या हातात दिली. "घास ही. मग चल, शाळेकडे रांग मोठी असते."

बाईंनी डबा बंद केला, पदर खोचला आणि तिथंच पंपाखाली बसून, मूठभर माती घेऊन कळशी आतून घासायला लागल्या.