कानवाले मिस्त्री आणि शाळेची व्हॅन

मिस्त्रींना सगळे कानवाले म्हणत. कान मोठे होते म्हणून नव्हे, इंजिन ऐकून आजार सांगत म्हणून. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनवर फिरवायचं आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात गॅरेजमध्ये कुणी शिंकायचंसुद्धा नाही. शेजारच्या खणात पत्रा ठोकणारा त्यांचा मेहुणा हातोडा खाली ठेवायचा. गिऱ्हाइकं बाकावर तोंड मिटून बसायची. तक्रार सांगायची पद्धतच तिथे नव्हती. "पेशंटला बोलू दिलं की तोच डॉक्टर होऊन बसतो," मिस्त्री म्हणायचे.

शाळेची व्हॅन चालवणारी बाई पुन्हा एकदा दारात आली, तेव्हा मात्र ती बाकावर बसली नाही. तिची गाडी चौकात उभी राहिली की थरथरायची आणि सिग्नल सुटायच्या आत बंद पडायची. आत पोरांचा गलका, मागे हॉर्नचा. मागच्या खेपांना मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा फिल्टर, मग टाकीतला पंपसुद्धा. व्हॅनचं रडगाणं तेच.

"मिस्त्री, या खेपेला नाही जमलं तर सरळ सांगा. मी दुसरीकडे नेते. राग नाही, पण लोकांची मुलं आहेत हो."

मिस्त्रींनी मान हलवली. एक व्हॅन गेली तर जाऊ दे. पण कानवाल्याला सापडलं नाही, ही बातमी तिच्याबरोबर दारोदार फिरणार होती. आणि त्यांच्यापाशी त्या नावाखेरीज होतं काय?

मेहुण्यानं आपलं नवं तपासायचं यंत्र व्हॅनला जोडलं. "दाजी, हे या खेपेलाही तेच म्हणतंय. मिश्रण पातळ. पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय."

"हवा शिरली की सूं वाजते. मी ऐकलंय. सूं नाही."

"मग पंप बदलून काय मिळवलंत? रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला!"

"तू तुझा पत्रा ठोक."

मिस्त्री व्हॅन काढून टेकडीच्या रस्त्याला लागले. चढावर गाडी हरणासारखी पळाली. वर जाऊन उभी केली, तर लागली थरथरायला.

पेट्रोल कमी पडत असतं तर तिनं चढावर धापा टाकायला हव्या होत्या. जोरात पळताना इंजिन इतकी हवा ओढतं, की चोरून आलेली चिमूटभर हवा त्यात कुठल्या कुठे विरून जाते. उभ्या गाडीला मात्र तीच चिमूट जड होते. म्हणजे फट होती. नळीला असो, जोडात असो, होतीच. हे तर त्यांनी स्वतः मेहुण्याला शिकवलं होतं.

आणि फट होती तर सूंही असणार.

ते तसेच गाडीत बसून राहिले. घरातलं एकेक आठवायला लागलं. बायको म्हणायची, "अहो, बेल दाबून दाबून बोट दुखलं माझं!" त्यावर त्यांनी बेल उघडून तिची तार बदलली होती. नातीचा फोन आला की म्हणायचे, "मोठ्यानं बोल गं, आई जेवायला घालत नाही का तुला?" बेअरिंगची घरघर, पिस्टनची ठकठक, सगळे जाड आवाज अजून चोख यायचे. बारीक तेवढे गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आधी बेलला, मग पंपाला.

गॅरेजमध्ये परत येऊन त्यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

"बाई, जरा इकडे या. तुम्हाला काही ऐकू येतं का?"

मेहुण्याचा हातोडा हवेतच राहिला.

"ती सूं ना? ती तर कधीपासून येतेय," बाई म्हणाली. "मी सांगायला आले तर तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. म्हटलं, यांना माहीत असणार."

"मला ती ऐकू येत नाही." मिस्त्री पाना मागावा तशा सुरात म्हणाले.

मेहुणा जवळ आला. म्हणाला, "म्हणजे दाजी, मी इतकी वर्षं पुटपुटत तुम्हाला शिव्या घातल्या, त्या फुकटच गेल्या?"

"शिव्या जाड असतात. त्या पोचल्या."

बाईनं वाकून बोट दाखवलं. "इथं. खाली, मागच्या अंगाला."

मिस्त्रींनी हात घातला. इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी नळीचं कोपर खालच्या बाजूनं तडकलं होतं; वरून दिसायची सोयच नव्हती. त्यांनी चिरेवर अंगठा दाबून धरला. इंजिनची थरथर जागच्या जागी निवली.

नवी नळी बसली, पट्टी आवळली, गाडी पुन्हा चालू झाली.

"गेला का आवाज?"

"बारीकसा आहे अजून. या टोकाला."

त्यांनी पट्टीचा स्क्रू आणखी अर्धा आटा पिळला. "आता?"

"आता नाही."

"चला, चौकापर्यंत," म्हणत मिस्त्री तिच्या शेजारी बसले.

सिग्नल लाल होता. व्हॅन शहाण्या पोरासारखी उभी राहिली. बाई हसली.

"कानाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या सासऱ्यांनी मशीन लावलंय. आता सगळं ऐकतात. घरात भांडणं वाढलीत."

"मग नकोच."

सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर मिस्त्रींनी विचारलं, "कुठं बसतात ते डॉक्टर?"